संक्रांतीपासून बंद असलेली पेटी

बोरदरी, ता. महागाव
२ मार्च २०२५

चि. सुरभी,

अंडी उबवायची पेटी एक, जुन्या फ्रीजच्या सांगाड्यात, दोनशे अंड्यांची. अंडी फिरवायला जीपच्या वायपरची मोटर. सोयाबीनची चाळणी, पायाने चालणारी. तुरीचे शेंडे खुडायचं यंत्र, बॅटरीवरचं. तुझ्या आईच्या पुसदच्या घरातला कूलर, जो अकरा उन्हाळे आवाज न करता चालला. आणि ग्रामपंचायतीच्या मागच्या भिंतीवरचा नकाशा, ऑइल पेंटमधला. एवढं मी या दोन हातांनी केलं आहे. दहावीनंतर शाळा नाही, हे तुला माहीत आहेच.

ही बढाई नव्हे. पियूष नावाचे नागपूरचे गृहस्थ कोंबडीपालनाचं सामान विकतात. ते माझ्या पेटीचा आराखडा विकत घेणार आहेत. त्यांना यादी हवी होती, तिचीच ही नक्कल.

आता मुद्द्याचं. जानेवारीच्या शेवटी आपल्याकडे कोंबड्या पटापट मेल्या. बर्ड फ्लू निघाला. पशुसंवर्धनचं पथक फेब्रुवारीत आलं, नमुने घेतले आणि सहा गावांतल्या उरलेल्या कोंबड्या मारून चुना टाकून पुरल्या. मेलेल्यांपेक्षा मारलेल्या जास्त. बायका दारात बसून बघत होत्या. सरकार भरपाई देईल, पण गावरान कोंबडीचं वाण पुन्हा कसं येणार?

रोग कुठून आला ते मी शोधून काढलं आहे. टेंभुरा तांड्यावरची रुपीबाई बाजारात कोंबड्या विकते. संक्रांतीला ती मुकुटबनला लेकीकडे गेली होती आणि येताना दोन कोंबडे घेऊन आली. तिकडून तेलंगणा हाकेवर. त्यानंतरच मर सुरू झाली. कोणत्या गावात कधी पहिली कोंबडी मेली, त्या सगळ्या तारखा घालून मी नकाशा काढला आणि मधोमध रुपीबाईचं नाव लिहिलं. सरपंच वामनराव म्हणाले, "श्रीकृष्णा, पोलीसबी इतकं नीट नाही करत." आता तिला महागावच्या बाजारात कोणी बसू देत नाही.

तू पुण्याच्या प्रयोगशाळेत विषाणू वाचतेस. आपल्याकडचे नमुने तुमच्याकडेच गेले, असं पथकातले डॉक्टर म्हणाले. तुझं यंत्र माझा हिशेब तपासून बरोबर असल्याचं सांगू शकेल का? फोन करू नकोस. फोनवर माणूस घाईत काहीही बोलतो. कागदावर लिही.

तुझा
श्रीकृष्णमामा


पुणे
११ मार्च २०२५

प्रिय मामा,

तुमचं अक्षर पाकिटावर बघून हॉस्टेलचे दिवस आठवले. तेव्हाही तुम्ही गणितं पत्रातून शिकवायचात, आणि चुकलं की लाल शाईने नाही, हिरव्या शाईने खूण करायचात. "लाल पाहून पोरं घाबरतात," म्हणायचात.

नमुने आमच्याकडे आले आहेत. काम असं चालतं: विषाणू म्हणजे तेरा हजारांच्या आसपास अक्षरांचा एक मजकूर. तो कोंबडीत शिरला की स्वतःच्या नकला काढतो, आणि नक्कल काढताना मधूनच एखादं अक्षर चुकतं. ते चुकलेलं अक्षर पुढच्या सगळ्या नकलांत तसंच उतरतं. म्हणून दोन गावांच्या विषाणूंत एकच चूक दिसली, तर त्यांचा पूर्वज एक, असं म्हणता येतं. चुका जुळवत गेलं की वंशावळ तयार होते. कोण आधीचा, कोण कुणापासून फुटला, ते दिसतं.

रुपीबाईंच्या कोंबड्यांपासून सुरुवात झाली असेल, तर त्यांचा विषाणू मुळाशी दिसेल आणि बाकी गावांचे त्याच्यातून फुटलेले. तसं आहे की नाही, अजून माहीत नाही. मामा, एक विनंती. तोपर्यंत त्यांचं नाव भिंतीवर राहू देऊ नका. रोग आधी कुठे दिसला आणि आधी कुठे होता, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एखाद्या गावात कोंबड्या मेल्या तरी आठवडाभर कुणी बोलत नाही, हे तुम्हालाच जास्त माहीत.

पेटीबद्दल ऐकून आनंद झाला. लहानपणी तिच्या काचेला नाक लावून मी पिल्लू अंडं फोडताना बघितलं होतं. आज हे काम करते, त्याचं मूळ बहुतेक तिथेच असावं.

मामींना नमस्कार.

सुरभी


बोरदरी
१९ मार्च २०२५

चि. सुरभी,

समजलं. अगदी समजलं. मी चाळणीसाठी पत्र्याची भोकं पाडायचो, तेव्हा ठशाला एकदा बारीक खाच पडली. त्यानंतरच्या प्रत्येक भोकाला तीच खाच. कोणती चाळणी खाच पडण्याआधीची, कोणती नंतरची, हे मी आजही बोट फिरवून सांगू शकतो. तुमचा धंदा तोच आहे, फक्त बोट महागडं आहे.

नाव पुसायचं म्हणतेस. ऑइल पेंट आहे, पुसलं जात नाही. आणि पुसायचं कशाला? तारखा खऱ्या आहेत. मी प्रत्येक घरी जाऊन विचारल्या आहेत.

परवा रुपीबाई आली होती. ओट्यावर बसली नाही, खालीच उभी राहिली. म्हणाली, "दादा, तुमी हिशेबी मानूस. तुमी एक शब्द बोलसान त लोक आयकतीन. माहे कोंबडे लेकीकडं धडधाकट होते. तिच्या घरची एक कोंबडी मेली नाही. मंग मीच काहून?"

मी म्हणालो, "पुण्याहून रिपोर्ट येऊन राह्यला. तो म्हणन ते खरं."

"पुन्याले काय माहीत व माय," ती म्हणाली, पण मला नाही, तुझ्या मामीकडे बघून. मामीने तिला पाणी दिलं. ती प्यायली नाही.

तू लवकर कर. लोक विचारत असतात.

मामा


पुणे
६ एप्रिल २०२५

प्रिय मामा,

वंशावळ तयार झाली. तीनदा तपासली.

रुपीबाईंचा विषाणू मुळाशी नाही. टोकाला आहे. त्यात दोन चुका अशा आहेत की त्या दुसऱ्या कुठल्याच गावात नाहीत. त्यांच्यापासून रोग पसरला असता, तर त्या दोन चुका इतरांत उतरायला हव्या होत्या. एकातही नाहीत. मुकुटबनहून घेतलेले नमुनेही स्वच्छ निघाले. त्यांनी रोग आणला नाही मामा. त्यांना तो इथे मिळाला.

मुळाच्या सर्वांत जवळ आहे लिंबगव्हाणच्या धुरपताबाईंच्या कोंबडीचा नमुना. तिथे तो कुठून आला ते आम्हाला माहीत नाही. गावाशेजारच्या तलावावर बाहेरचे पक्षी उतरतात, तिथून असू शकतो. पण पुढचं चित्र विचित्र आहे. एरवी रोग या गावातून त्या गावात, तिथून तिसऱ्या गावात जातो, तशी फांदीला फांदी फुटते. इथे तसं नाही. लिंबगव्हाणच्या एका विषाणूपासून पाच फांद्या एकाच ठिकाणी फुटल्यात, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. बोरदरी, टेंभुरा आणि बाकीची तीन गावं. म्हणजे लिंबगव्हाणहून काहीतरी एका जागी आलं, आणि तिथून साधारण एकाच वेळी पाच ठिकाणी गेलं.

झाडावर नातं दिसतं, रस्ता दिसत नाही. रस्ता तिथल्या माणसानेच सांगायचा. म्हणून विचारते. जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात या पाचही गावांत एकदम काय गेलं? खाद्याची गाडी? लस टोचणारा? तुमच्या नजरेतून काही सुटत नाही.

सुरभी


बोरदरी
१४ एप्रिल २०२५

चि. सुरभी,

तू विचारलंस म्हणून लिहितो.

खाद्याचा टेम्पो प्रेमसिंग चालवतो, तो आठवड्यातून दोनदा येतो. कावळे आहेत. कापूस वेचायला बायका या गावातून त्या गावात जातात, त्यांच्या चपला आहेत. भंगारवाला आहे, तो कोंबडीच्या बदल्यात डबे देतो. पथकाचे लोकसुद्धा एकाच बुटांनी सगळीकडे फिरले.

तुमच्या चाकाचा आस कुठला, ते यातून तुम्ही ठरवा. मला वाटतं दोन-चार कोंबड्यांच्या थुंकीवरून इतका मोठा निष्कर्ष काढणं बरोबर नाही. यंत्रही चुकतं. मी यंत्रं बनवतो, मला ठाऊक आहे.

पुढच्या महिन्यात पियूषजी येणार आहेत. सध्या त्या कामात आहे.

मामा


पुणे
३ मे २०२५

प्रिय मामा,

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात एक गोष्ट नव्हती, म्हणून पुन्हा पुन्हा वाचलं.

खरं सांगते. एप्रिलमध्ये ती पाच गावं कागदावर एकापुढे एक आली, तेव्हाच मला अंदाज आला होता. त्या पाच गावांतल्या बायका अंडी उबवायला कुठे आणतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी तुम्हाला खाद्याची गाडी विचारली, लस विचारली. पेटी विचारली नाही. प्रयोगशाळेतल्या आमच्या प्रमुख शाल्मली मॅडमना मी म्हणाले, अजून एकदा तपासू. काही तपासायचं राहिलं नव्हतं. मी अहवाल अडवून धरला, आणि तेवढे दिवस रुपीबाई बाजाराबाहेर राहिल्या. ही चूक माझी. ती कुठल्या अक्षरात दिसणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

गेल्या आठवड्यात पशुवैद्यकीय डॉक्टरांची टिपणं आली. त्यांनी रुपीबाईंच्या अंगणातल्या एका टोपलीचाही नमुना घेतला होता. टोपलीत कुटार होतं, सोयाबीनचा भुसा, आणि कुटारात विषाणू. रुपीबाईंना शेत नाही. डॉक्टरांनी विचारलं तर त्या म्हणाल्या, "बावीस तारखेले श्रीकृष्णदादाच्या पेटीतले पिल्लं आनले, त्याच्याच खालचं हाय."

त्याच टिपणांत तुमचाही जबाब आहे. "पेटी संक्रांतीपासून बंद आहे."

मामा, पेटी बंद होती का?

अहवालात नावं नसतात. "उबवणी केंद्र" एवढंच लिहिलं जाईल. पण मला अहवालासाठी विचारायचं नाही.

सुरभी


बोरदरी
२० मे

सुरभी बाई,

तुह्या मामाचं पत्र काही येत नाही म्हणून मीच लिहून राह्यली. मी सातवी शिकली, पण अक्षर माझं त्यायच्याहून गोल हाय, पाहून घे.

तू असं काय लिहिलं व त्यायले? पत्र वाचलं आन् तसंच खिशात घातलं. जेवत नाहीत धड. चार दिवस झाले, पेटी खोलून बसले. एक एक स्क्रू काढून राह्यले. मी म्हटलं, काहून मोडता चांगली पेटी? त म्हणे, धुऊन राह्यलो. मी म्हटलं, धुवाले चार दिवस लागतेत काय, लगनाचे भांडे हायेत का ते? हसले नाहीत.

मले समजते पोरी. धुरपतामावशीच्या कोंबड्या मान टाकून राह्यल्या होत्या, मले तिच्या सुनेनं सांगतलं होतं. म्या यायले म्हटलं, तिची अंडी नका घेऊ. त म्हणे, "बीज तरी वाचू दे तिचं." चांगल्या मनानंच घेतली. पण मंग साहेब लोक आले आन् हे बोलले ते मी बाजूले उभी राहून आयकलं. मीपन तोंड शिवून राह्यली. रुपीनं माह्या हातचं पाणी काहून पेलं नाही, ते तवाच कळलं मले.

तू रागावजो, पण पत्र लिहिणं बंद नको करजो.

तुही मामी
संगीता


बोरदरी
८ जून २०२५

चि. सुरभी,

पेटी बंद नव्हती.

बावीस जानेवारीला सकाळी पिल्लं बाहेर आली होती. पाच गावांच्या बायका अंगणात टोपल्या घेऊन बसल्या होत्या, रुपीबाईही होती. तेवढ्यात धुरपताबाई आली. तिच्या कोंबड्या मरत होत्या, हे मला माहीत होतं. तुझ्या मामीने सांगितलं होतं, आणि तिने स्वतःही सांगितलं. "श्रीकृष्णा, कोंबड्याईचं जाऊ दे. बीज तेवढं वाचव." मी अंडी घेतली. ती पुसून पेटीत ठेवली. अंड्यांना मी फार जपलं.

टोपलीतलं कुटार मात्र ड्रममध्ये ओतलं.

तुला आठवत असेल, आपल्याकडे कुणाची टोपली रिकामी परत देत नाहीत. माझ्या आईने घालून दिलेली शिस्त. अंडी घेऊन आलेल्या प्रत्येकीची टोपली मी कुटार घालून, पिल्लं ठेवून परत देतो. ज्यांची अंडी फुसकी निघाली त्यांनाही दुसऱ्यांच्यातलं एखादं पिल्लू ठेवतो. कुटारासाठी पेटीशेजारी तो ड्रम. येणाऱ्या टोपल्यांतलं त्यात पडतं, जाणाऱ्यांत त्यातलंच भरतो. फुकट काही जाऊ नये हा माझा हिशेब. त्या दिवशी धुरपताबाईचं कुटार सर्वांत वर होतं. भरताना हाताला ओलं लागलं. विष्ठा होती. मी हात पँटला पुसला आणि पुढची टोपली भरली.

तो ओला हात मला अजून आठवतो. बाकी सगळं मी विसरलो असतो.

तांड्यावरून पहिला निरोप आला, "पिल्लं मेली, आता मोठ्या कोंबड्या मरून राह्यल्या," तेव्हाच मला कळलं होतं. तुझ्या पत्राने नाही कळलं. पियूषजी आठवड्यापूर्वीच पेटी बघून, आराखडा घेतो म्हणून गेले होते. पथकाचे साहेब आले आणि मी म्हणालो, संक्रांतीपासून बंद आहे. त्यांनी लिहून घेतलं. मग ती दोन कोंबड्यांची गोष्ट हाती लागली आणि मी नकाशा काढला. नकाशातल्या तारखा सगळ्या खऱ्या आहेत. मी एक तारीख गाळली, बस. तुला यंत्र चुकतं म्हणून लिहिलं, तेही जाणून लिहिलं.

एक जूनला ग्रामसभा होती. मी उभं राहून सगळं सांगितलं, ओल्या हातासकट. मला वाटलं लोक अंगावर येतील. वामनराव म्हणाले, "श्रीकृष्णा, आता झालं ते झालं. तू काय मुद्दाम केलं का? बस, चहा पी." एकजण म्हणाला, पेटी पुन्हा कधी चालू करून राह्यले? कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. रुपीबाईने मुद्दाम केलं होतं का, असं फेब्रुवारीत एकानेही विचारलं नव्हतं. मीही नाही. चहा माझ्या हातात आला आणि तो मी प्यायलोही, कारण नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तांड्यावर गेलो. रुपीबाई गोधडीला टाके घालत होती. मी सांगितलं. तिने सुई थांबवली नाही.

"मले माहीतच होतं," ती म्हणाली.

"मंग तू बोलली काहून नाही?"

"बोलली ना. तुमच्याच दारात बोलली." मग टाका ओढून, "कोंबड्या त साऱ्याईच्याच गेल्या दादा. पन भिंतीवरचं नाव माही नात वाचते. तिले आता वाचता येते. रेशन आनाले जाते त मोठ्यानं वाचते आन् मले इचारते, आजी, तुहं नाव तिथं काहून हाय? ते पुसलं का तुमी?"

पुसलं नव्हतं. आधी चुना मारला, तर अक्षरं खालून दिसत राहिली. मी चांगला रंग वापरला होता, टिकावा म्हणून. मग पत्रा घासायच्या पातीने खरवडलं. दोन दिवस लागले. प्लॅस्टर निघालं, तिथे सिमेंट भरलं आणि त्यावर नवीन लिहिलं: बोरदरी, श्रीकृष्ण नरवाडे यांची पेटी, २२ जानेवारी. रुपीबाई मागच्या मंगळवारी बाजारात बसली. जुन्या जागेवर दुसरं कुणी बसलं होतं, म्हणून टोकाला बसली. मी जाऊन त्या माणसाशी बोलणार होतो. तिने हाताने नको म्हटलं.

डॉक्टरांना नवा जबाब लेखी दिला आहे. ड्रम जाळला. पेटीच्या खाचाखोचांत काय साठतं ते खोलल्यावर कळलं. इतकी वर्षं मी फक्त बाहेरून पुसत होतो. आता ट्रे सुटे होतील, धुता येतील, असे केले आहेत. डॉक्टर सांगेपर्यंत चालू करणार नाही. तुमच्या अहवालात "उबवणी केंद्र" लिहू नकोस. गावाचं नाव घाल, चालत असेल तर माझंही घाल. आणि तू अहवाल अडवलास, त्याची खूण मी हिरव्या शाईने करून ठेवली आहे. त्याहून जास्त काही म्हणायचा अधिकार मला नाही.

मे महिन्यात येणारे पियूषजी या शुक्रवारी आले. गावात सगळं ऐकूनच आले होते. त्यांना काही वाटलं नाही. म्हणाले, खेड्यात कोण वाचतं ते रिपोर्ट? आराखडा घेतो, सुट्या ट्रेचा तर आणखी चांगला. फक्त एका कागदावर सही हवी. मी चष्मा लावून वाचला. पेटी चौदा जानेवारीपासून बंद होती आणि तिच्यामुळे कुठेही रोग पसरलेला नाही, असा मजकूर होता.

मोठेपणा म्हणून हे लिहीत नाही. तेच वाक्य फेब्रुवारीत मी साहेबांना फुकट दिलं होतं. या वेळी त्याला भाव होता, तीन लाख चाळीस हजार रुपये. मी नाही म्हणालो.

श्रीकृष्णमामा